अंगणवाडीच्या बाईची नात

अमरावती
१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

वर्षाली,

वर आशीर्वाद लिहिले होते, ते खोडले. तुला नको असतील तर उगाच कागदावर कशाला पडून राहायचे? हवे झाले की सांग, माझ्याकडे भरपूर आहेत.

तू माझा नंबर बंद करून टाकलास. जावईबुवा फोन उचलत नाहीत. तुझ्या सासूबाई उचलतात, पण "ते झोपली हाये" म्हणून ठेवून देतात. म्हणून हा कागद. समोरची गीतांजली रोज अकोल्याला अपडाऊन करते, तिचं ऑफिस तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, तिच्या हाती देते आहे. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, चार ओळी लिहायला मला जड जात नाही. फाडायचं असेल तरी आधी वाच, मग फाड.

छकुलीला काल घरी सोडलं, हे मला गीतांजलीकडून कळावं? नाकातली नळी निघाली, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, आता फक्त झटक्यांचं औषध सुरू आहे, असं ती म्हणाली. महिन्याच्या लेकराच्या पाठीत सुई घातली! ऐकलं तेव्हा तव्यावरची भाकर करपून कोळसा झाली, तुझ्या बाबांनी तीच मुकाट्याने खाल्ली.

तू कशावर रागावलीस ते मला ठाऊक आहे. गेल्या गुरुवारचे ते सव्वादोन तास. सहा वाजता तू म्हणालीस, "आई, हिले उठवतो, पाजायची वेळ झाली." मी म्हटलं, "झोपलेल्या लेकराले उठवू नाई." सातला परत म्हणालीस, मी परत तेच म्हटलं. सव्वाआठला तू तिला उचललंस तर मान गळालेली, ओठ पांढरे, छातीला लावलं तर तोंडच उघडेना. मग हातापायांना ते झटके आले. ऑटोत बसल्यावर तू माझ्याकडे जे पाहिलंस ते मी विसरणार नाही. पण वर्षाली, झोपलेल्या लेकराला उठवू नये असं सगळ्याच आया म्हणतात. मला काय स्वप्न पडलं होतं?

आणि त्याच रात्री तिला अकोल्याला हलवलं तेव्हा तिथल्या दवाखान्यात मी जे बोलले ते मनाला लावून घेऊ नको. डॉक्टरांनी विचारलं, घुटी, मध, काही चाटवलं का? मी सांगितलं, साहेब, मी स्वतः अंगणवाडी सेविका होते. मग ते म्हणाले, तर कशाने झालं असेल? माझ्या तोंडून निघून गेलं की ही कुशीवर झोपूनच पाजते, दूध नाकात गेलं असेल. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं. त्यात तुझ्या सासूबाईंनी एवढं धरून बसण्यासारखं काय होतं?

छकुली दूध नीट ओढते का, एवढं तरी गीतांजलीजवळ सांग.

तुझी आई


अमरावती
२० नोव्हेंबर, गुरुवार

वर्षाली,

गीतांजली म्हणाली, तू कागद घेतलास, घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलास आणि काही बोलली नाहीस. ठीक. बोलू नको. मीच बोलते, माझं तोंड काही शिवलेलं नाही.

तिने जे पाहिलं ते मला आवडलं नाही. छकुली रडतच नाही म्हणे. तुझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "अकोल्याचं पाणी लागलं, अमरावतीले तं कशी बोंबलत होती!" वर्षाली, पाच आठवड्यांचं लेकरू रडत नाही हे कौतुक नाही. मी हजारभर लेकरं वजनकाट्याच्या झोळीत घातली आहेत. रडणाऱ्या लेकराची मला कधी भीती वाटली नाही, गप लेकराची वाटली. ती दोन ओढी घेते आणि झोपते, असंही गीतांजलीने पाहिलं. ते झटक्यांचं औषध गुंगीचं असतं. डॉक्टरांना विचार, इतकं लागतंच का? वजन कर. आजच कर.

आणि हे काय, की तू पाजायला बसलीस की तुझ्या सासूबाई समोर स्टूल घेऊन बसतात? भिंतीला पाठ लावून, पाय सोडून, सरळ बसूनच पाजायचं, डुलकी लागली की हाक मारायची? टाके ओले असलेल्या बाळंतिणीला? माणिकबाईंना माझा निरोप सांग... नको, सांगू नको. त्यांना हे कोणी सुचवलं ते मला माहीत आहे. मीच सुचवलं.

त्या असंही विचारतात म्हणे, की आपल्या घराण्यात कोणाला झटके येत होते का? साफ सांग, सात पिढ्यांत नाही. तुझ्या बाबांकडे नाही, माझ्याकडे नाही. हे ऐकून माझं डोकं फिरलं. आज लेकराला डाग लागला की उद्या तिच्या लग्नापर्यंत पुसत नाही.

मला आठवतं, दिवाळी झाली आणि छकुलीचं ते सुरू झालं. संध्याकाळ झाली की मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची आणि जी सुरू व्हायची ती आठपर्यंत. आपण काय नाही केलं? बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला, पायावर पालथी घेतली, खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारल्या, दुपट्यात घट्ट गुंडाळली, साडीच्या झोळीत घालून झुलवली. तुझ्या बाबांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, मी हसले तरी ओवाळल्या. तू रडायचीस. एकदा तिला पलंगावर ठेवून मागच्या दारी जाऊन कानात बोटं घालून उभी होतीस. मी पाहिलं, पण तुला कळू दिलं नाही.

मग ती माझ्या मांडीवर शांत व्हायला लागली. तू म्हणालीस, "आई, तुह्या मांडीत जादू हाये." त्या दिवशी तू सलग चार तास झोपलीस. तुझ्या तोंडावर पहिल्यांदा लाली आली. हे तुला आठवतं का गं? ते चौदा दिवस तुला झोप मी मिळवून दिली. एवढं तरी माझ्या खात्यात राहू दे.

आई


अमरावती
२२ नोव्हेंबर, शनिवार

वर्षाली,

गीतांजलीने सांगितलं. बुधवारी नागपूरला नेणार, डोक्याचा एमआरआय काढायला, आणि हलू नये म्हणून गुंगी देणार. सुस्ती वाढली म्हणून डॉक्टरांना वाटतं की झटके आतल्या आत सुरू असतील, म्हणून औषध वाढवलं. सोमवारी अकराला कागद न्यायला तुम्ही डॉक्टरांकडे जाणार.

नेऊ नका.

हे मी कसं सांगू ते सुचत नाही. दोनदा उठून पाणी प्यायले. असं आहे बघ, मी तिला एकदा, फक्त एकदा, थोडं जायफळ उगाळून चाटवलं होतं. एकच वेढा, म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवायचं तेवढंच, बोटाला लागेल न लागेल इतकं. त्याने काही होत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी सगळ्यांना दिलं आहे, तुलाही दिलं आहे. तरी डॉक्टरांना सांगायचं असेल तर सांग, पण माझं नाव न घेता सांग, की शेजारच्या कोणी म्हातारीने

(हे पत्र गीतांजलीला दिलं नाही. ती दारात उभी होती, मी म्हटलं आज काही नाही.)


अमरावती
२३ नोव्हेंबर, रविवार

वर्षाली,

कालचं पत्र खोटं आहे. ते सोबत ठेवलं आहे, कारण तुझी आई कुठपर्यंत खोटं बोलू शकते ते तुला दिसलं पाहिजे. आज जे लिहिते आहे ते खरं आहे.

सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि भिंतीपलीकडून सहाणेवर काही उगाळल्याचा आवाज आला. हलीमाबीच्या घरून. तुला माहीत आहे, तिची नगमा बाळंतपणाला आली आहे, तिचं पोरगं बारा दिवसांचं. मी ओल्या हातानेच पळत गेले. हलीमाबी ओसरीत बसून जायफळ फिरवत होती.

मी म्हटलं, "हलीमाबी, फेका ते. आत्ताच्या आत्ता फेका."

ती हसली. "काहून बाई? तुमीच तं सांगतलं ना? तुमची नात कशी गपगार झोपत होती. आमचा हा तं दिनरात चिल्लावून राहिला."

हो, मी सांगितलं होतं. छकुली शांत झाली तेव्हा ती भिंतीवरून विचारायची, बाई, काय देता? मी आधी हसून टाळलं. मग एक दिवस फुशारकीने सांगून टाकलं.

"तुमच्या नातीले चालते आन् आमच्या नातवाले नाई चालत का?" हलीमाबी चिडली. तिला वाटलं मी भेद करते आहे. अठ्ठावीस वर्षं जिच्या दारात मी पोलिओचे डोस घेऊन गेले तिला असं वाटलं.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माही नात त्याच्यानंच दवाखान्यात गेली."

पहिल्यांदा मी ते मोठ्याने बोलले. हलीमाबीने सहाण बाजूला सारली आणि हात ओढणीला पुसले.  नगमा आत पोराला घेऊन बसली होती, ती दारात आली आणि एवढंच म्हणाली, "वर्षालीताईले माहीत हाये का?"

मी घरी आले. तुझे बाबा लग्नाच्या हारांची ऑर्डर घेऊन बसले होते, भोवती सगळी शेवंती पसरलेली. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही, सगळं ऐकेपर्यंत ओवत राहिले. मग म्हणाले, "तुह्या हातून चूक झाली, ते झाली. माणसाच्या हातून होते. पण तू पोट्टीच्या दुधावर बोल ठेवला. तिच्या सासरच्यायसमोर. ते काहून?"

मी आत जाऊन कागद-पेन घेऊन बसले. 

तर आता ऐक. डॉक्टरांना हाच कागद दाखव, म्हणून नीट लिहिते.

एकतीस ऑक्टोबरला तू टाके दाखवायला गेलीस. तू गेलीस आणि तिने सुरुवात केली. मी माळ्यावरून सहाण काढली. ती सहाण कोणाची माहीत आहे? माझ्या अंगणवाडीतल्या एका सासूची. ती नातवाला घुटी देते म्हणून मी तिच्याशी भांडून सहाण जप्त करून आणली होती. भिंतीवर माझ्याच हाताने चिकटवलेला तक्ता होता, सहा महिने फक्त आईचं दूध, घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. तीच सहाण मी धुतली आणि उकळलेल्या पाण्यात जायफळाचा एक वेढा उगाळून छकुलीला चाटवला. अर्ध्या तासात ती झोपली. तू आलीस, तिला पाहिलंस आणि माझ्या गळ्यात पडलीस.

तिथेच मी संपले. आजवर तू अशी माझ्या गळ्यात कधी पडली नव्हतीस. लहानपणापासून तू म्हणायचीस, आई, तुला बाकीच्यांची पोरं दिसतात, मी दिसत नाही. खरंच होतं ते. आणि आता तू म्हणत होतीस की माझ्या मांडीत जादू आहे. दुसऱ्या दिवशी ती परत रडायला लागली तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू माझ्याकडे आशेने पाहत होतीस. मी स्वयंपाकघरात गेले.

चार दिवस एक वेढा. मग दोन. दुसऱ्या आठवड्यात तीन, कारण दोनाने ती तासाभरातच उठायला लागली. रोज एकदा. रोज तू आंघोळीला गेलीस की.

मग तुझ्या सासूबाईंचा फोन आला, की तेरा तारखेला नातीला पाहायला येते. आणि हसत हसत म्हणाल्या, "काहून जी ईनबाई, अंगणवाडीवाल्या बाईच्या घरी लेकरू इतकं रडते म्हणते? तुमच्या त्या तक्त्यावर उपाय नाई का लिहिला?" ती गंमत होती. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठरवलं, त्या असेपर्यंत छकुलीचा आवाज निघणार नाही.

तेरा तारखेला दुपारी दोन वाजता पाच वेढे दिले. साडेचारला ती जराशी चुळबुळली, माणिकबाईंची बस पाचला यायची होती, म्हणून परत पाच दिले. म्हणजे एका दुपारी दहा. त्याआधी जास्तीत जास्त तीन. दुसरं काही मिसळलं नव्हतं, फक्त जायफळ आणि पाणी. मध नाही, अफू नाही, देवाशपथ.

माणिकबाई आल्या, म्हणाल्या, किती शांत पोट्टी हाये. मी चहा टाकला. वर्षाली, तू सहा वाजता म्हणालीस उठवू का, तेव्हा मला माहीत होतं ती का उठत नाही. मला वाटलं, आठपर्यंत उतरेल. सातला परत म्हणालीस, तेव्हा ते उतरत नाही हे मला दिसत होतं, तरी मी माणिकबाईंना पोह्यांचा आग्रह करत होते. सातलाच बोलले असते तर दवाखान्यात सव्वासातला पोचलो असतो.

आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी अंगणवाडीची बाई. दुसरी कोणी म्हातारी असती तर त्यांनी खोदून विचारलं असतं. मग मला वाटलं, आता ते तुलाच विचारतील, घरभर विचारतील, शोधतील. म्हणून मी तुझ्याकडे बोट दाखवलं. ते घाबरून निघालं नव्हतं. मी ते विचार करून बोलले. दुधाचं म्हटलं की सगळे आईकडेच पाहतात, हे मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तो तुझा प्रश्न आहे. पण तिचं औषध थांबलं पाहिजे आणि तिला गुंगी देऊन त्या मशिनीत घालायला नको. तिचे झटके जायफळाचे असतील, आणि आता जी सुस्ती आहे ती औषधाची असेल, माझ्या नादी लागून डॉक्टर भलतीकडेच शोधत आहेत. मी डॉक्टर नाही. पण त्यांना खरं माहीत नसेल तर ते तरी काय करतील?

कागद गीतांजलीच्या हाती देऊन मी घरी बसले तर पुन्हा तेच होईल. उद्या मी स्वतः येते.

आई


अकोला, डॉक्टरांचा दवाखाना
२४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी सव्वादहा

वर्षाली,

गीतांजलीबरोबर बडनेऱ्याहून गाडीत बसले.  मुर्तिजापूरला तिने डबा उघडला, मला पोळी दिली, मी ती तशीच रुमालात बांधून ठेवली.

तुम्ही यायच्या आधी डॉक्टरांना एकटीने भेटायचं होतं. कंपाउंडर म्हणतो, "पेशंट कुठं हाये मावशी? पेशंटशिवाय आत नाई सोडत." मी म्हटलं, लेकराची आजी आहे, जीवनमरणाचं काम आहे. तो म्हणाला, सगळ्यायचंच असते. छकुलीचा नंबर अकरावा आहे. आत्ता सहावा आत गेला.

म्हणजे आता सगळ्यांसमोरच बोलावं लागणार. तुझ्या सासूबाई असतील, जावईबुवा असतील. गाडीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवते आहे आणि प्रत्येक वाक्य "मला वाटलं" नेच सुरू होतं. ते चालणार नाही. मी अशी सुरुवात करेन, की साहेब, मी तुमच्याशी खोटं बोलले. दहा वेढे. मग जे व्हायचं ते होवो.

एक सांगून ठेवते. तू नंतर मला घरी येऊ दिलं नाहीस, बारशाला बोलावलं नाहीस, तरी मी कोणाकडे रडगाणं गाणार नाही. अमरावतीत कोणी विचारलं तर कारणही खरं सांगेन. हलीमाबीपासून सुरुवात झालीच आहे.

इथे एक बाई लेकराला खांद्यावर टाकून फेऱ्या मारते आहे. ते इतकं किंचाळतं आहे की सगळे तिच्याकडे वैतागून पाहतात. ती बिचारी ओशाळली आहे. मला उठून तिला सांगावंसं वाटतं, की बाई, रडू दे.

आठवा आत गेला.

तुम्ही आलात. पुढे माणिकबाई, मग जावईबुवा, मग तू. किती वाळलीस गं! छकुलीचा चेहरा दुपट्यात आहे, मला दिसत नाही. तू मला पाहिलंस आणि तिथेच थांबलीस. मी उठते आहे.


अकोला
२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

आई,

गीतांजली संध्याकाळी निघायच्या आधी येईल, म्हणून घाईत लिहिते आहे. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही.

तू दवाखान्यातून लगेच निघून गेलीस म्हणून पुढचं तुला माहीत नाही. डॉक्टर तुझ्यावर चिडले ते तू ऐकलंसच. नंतर त्यांनी तुझे कागद दोनदा वाचले आणि "दहा वेढे" खाली रेघ मारली. छकुलीला दोन दिवस ठेवून घेतलं. झटक्यांचं औषध कमी करत बंद केलं, आणि झटका आला नाही. नागपूरचं रद्द झालं. दर आठवड्याला दाखवायचं आहे. आत्ता तरी काही बिघडलेलं दिसत नाही म्हणाले. पुढचं वाढ पाहून सांगतील.

धर्मेंद्र तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. सासूबाईंनी स्टूल उचलून बाहेर ठेवलं. रात्री माझ्या उशाशी येऊन म्हणाल्या, "आता झोपून पाजजो वो बापा, मी नाई म्हणत नाई." आणि रडल्या.

काल संध्याकाळी छकुली रडली. आधी जराशी कुरकुर, मग मुठी आवळल्या आणि मग सगळी गल्ली ऐकेल असं. सासूबाई धावत आल्या, मी दिली नाही. मी तिला छातीशी धरून पलंगावर बसले आणि ऐकत राहिले. अडीच तास. माझे हात भरून आले. तिचा आवाज बसला नाही, उलट वाढत गेला. मी इतकी हसत होते की सासूबाईंना वाटलं माझं डोकं फिरलं.

आता जे लिहायचं आहे ते.

तुझे कागद मी परत परत वाचले. तू लिहिलंस की तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. आई, मलाही माहीत होतं.

पूर्ण नाही. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी आंघोळ करून आले, छकुलीचा मुका घेतला, तर तिच्या तोंडाला जायफळाचा वास आला. श्रीखंडासारखा. मी ओळखला. तुझ्याकडे पाहिलं, तू भांडी लावत होतीस. मी विचारणार होते. मग मी पलंगावर आडवी झाले, कारण ती झोपली होती आणि मलाही झोपायचं होतं. दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना मला माहीत होतं की मी तुला वेळ देऊन जाते आहे. अंगावर पाणी घेत जास्त वेळ बसायचे. दहा दिवस.

डॉक्टरांनी विचारलं, काही चाटवलं का, तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू नाही म्हणालीस. मी काही बोलले नाही. तू माझ्यावर बोल ठेवलास तेव्हाही मी बोलले नाही. सगळ्यांना वाटलं मी सोसते आहे. सासूबाई स्टुलावर बसायच्या तेव्हा मला वाटायचं, बरोबरच आहे, बसू दे. तुझा फोन मी रागाने बंद केला नव्हता. तू बोललीस तर मला बोलावं लागेल, म्हणून बंद केला. सोमवारी तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस तेव्हासुद्धा मी माझं सांगितलं नाही. तुझ्या एकटीवर सगळं जाऊ दिलं.

आज सकाळी धर्मेंद्रना सांगितलं. ते बराच वेळ छकुलीच्या पायाची बोटं धरून बसले आणि मग कामावर गेले. परत आल्यावर काय म्हणतील माहीत नाही.

मला तुझा राग येतो. तो जाणार नाही, तू सातला पोहे वाढत होतीस हे मी विसरणार नाही. पण ज्या गोष्टीचा राग येतो तीच मी केली आहे, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगून समजणार नाही.

रविवारी ये. डिंकाचे लाडू, टोपडं, काही आणू नको, रिकाम्या हाताने ये. ती रडेल. तेव्हा आपण दोघी नुसत्या तिच्याजवळ बसून राहू.

वर्षाली